पाखरांची पीकपाहणी

"काका, कावळेपण लिहायचे?"

फेब्रुवारीतली शनिवारची सकाळ होती. डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही चार जण उभे होतो. प्रश्न विचारणारी मुलगी दुसऱ्या मजल्यावरची, आठवीतली. तिच्या हातात वही आणि माझ्या हातात फोन. सात वाजून दहा मिनिटांनी मोजायला सुरुवात केली होती. टाकीच्या कठड्यावर पारवे, समोरच्या गुलमोहराच्या वठलेल्या फांदीवर तांबट, खाडीच्या बाजूला आभाळात घारी, आणि जिकडेतिकडे कावळे. पक्षिनिरीक्षण म्हणजे कावळे सोडून बाकीचे पक्षी, अशी तिची समजूत होती. मी म्हटलं, "लिहायचे. आणि 'खूप' असं लिहायचं नाही, मोजून लिहायचे." तिने मोजले, तेवीस भरले. तेवढ्यात पूर्वेकडून आणखी आठ-दहा आले. हे नवे, की मघाचेच फिरून आलेले? तिची पेन्सिल थांबली. थोडा विचार करून ती म्हणाली, "एका वेळी जास्तीत जास्त दिसले तेवढेच धरू या. मघाचेच असतील तर दोनदा मोजले जातील." मोजणीतला एक मूलभूत नियम तिने कुणी न शिकवता शोधून काढला होता.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभरचे लोक हेच काम करत असतात. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' नावाच्या या उपक्रमात भारत 2013 पासून सहभागी आहे. नियम सोपे आहेत. कुठेही, कमीत कमी पंधरा मिनिटं थांबायचं, दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर भरायची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने हे संकेतस्थळ 2002 मध्ये सुरू केलं. यादी भरून झाली की शेवटी ते एक प्रश्न विचारतं: तुम्हाला ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही यादी आहे का?

सगळ्या उपक्रमाचा कणा हा प्रश्न आहे. त्याला 'हो' म्हटलं की यादीत जे नाही तेही बोलू लागतं. आमच्या यादीत चिमणी नव्हती. म्हणजे त्या सकाळी, त्या गच्चीवरून, पंधरा मिनिटांत चार माणसांना चिमणी दिसली नाही आणि ऐकूही आली नाही. ही माहिती आहे. अशा हजारो याद्या एकत्र आल्या की शंभरातल्या किती याद्यांत चिमणी आहे आणि वर्षागणिक ते प्रमाण कुठे चाललं आहे, हे कळतं. कावळा क्षुल्लक म्हणून गाळला, तर प्रामाणिकपणे 'नाही' असं उत्तर द्यावं लागतं आणि यादीचं अर्धं बळ जातं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, ठाणे-कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांत निसर्गनोंदीची किंमत दुर्मीळ जीव किती सापडले यावर ठरवू नये. आपल्या दारातल्या साध्या जिवांची, त्याच जागी, वर्षानुवर्षं ठेवलेली खरी नोंद ही इथली खरी गरज आहे. ती ठेवणं हा छंद म्हणून सुरू होत असेल, पण ते नागरिकाचं काम आहे.

साध्या पक्ष्यांच्या नोंदीतून काय हाती लागतं, हे चिमणीच्या उदाहरणावरून कळेल. चिमण्या संपल्या, मोबाइलच्या टॉवरांनी मारल्या, हे आपण इतक्यांदा ऐकलं की ते सिद्ध झालंय असंच वाटू लागलं. 2012 मध्ये 'सिटिझन स्पॅरो' या पाहणीत देशभरातल्या पाच हजारांहून अधिक लोकांनी आपल्या परिसरात चिमण्या आहेत का, पूर्वी होत्या का, हे कळवलं. पुढे 2020 मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. तो सामान्य पक्षिनिरीक्षकांनी भरलेल्या एक कोटीहून जास्त नोंदींवर उभा होता. त्याचा निष्कर्ष असा, की देशाचा एकत्रित विचार केला तर गेल्या पंचवीसेक वर्षांत चिमणी साधारण टिकून आहे. घट झाली आहे ती मोठ्या शहरांत. म्हणजे प्रश्न आपल्याकडे वळला. पिलांना भरवायला लागणाऱ्या अळ्या आणि किडे शहरात कुठे उरलेत? कौलांच्या चाळींत आणि भिंतींच्या भोकांत घरटी व्हायची, त्या जागा सपाट भिंतींच्या इमारतींत कुठून येणार? टॉवरला दोष देणं सोपं होतं. नोंदीने आपल्या घरबांधणीकडे बोट दाखवलं.

2023 मध्ये त्याच अहवालाची पुढची आवृत्ती आली. त्यात 942 जातींचा आढावा आहे आणि त्यामागे तीस हजारांवर निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी आहेत. त्यातलं एक नाव वाचून मी चटकन थांबलो: नीलपंख. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तोच हा विजेच्या तारेवर बसणारा निळा पक्षी. तीस टक्के किंवा त्याहून जास्त घट झालेल्या आणि जागतिक धोकासूचीत फेरतपासणी व्हावी अशी शिफारस झालेल्या 14 जातींत तो आहे. इतका ओळखीचा पक्षी ओसरत होता आणि ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण ओळखीचा म्हणूनच त्याला कुणी मोजत नव्हतं. दुर्मीळ जिवावर सगळ्यांची नजर असते. नेहमीचा जीव नजरेसमोरून कमी होत जातो.

नजरेसमोरचं हरवणं आपल्या पट्ट्यात जितक्या वेगाने होतं, तितकं फार थोड्या ठिकाणी होत असेल. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. रुळांच्या दोन्ही बाजूंना भातशेती, खाजण, कुरण आणि टेकड्या होत्या. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांच्या वर होती. भोपरची टेकडी, पडल्याचा माळ, निळज्याचा तलाव, सातपुलाकडची खाडी ही नावं पक्षी बघणाऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. पण दर पावसाळ्यानंतर गेलं की कुठेतरी नवे पत्रे ठोकलेले असतात, कुठेतरी राडारोड्याचा भराव पडलेला असतो. लोकलने रोज जा-ये करणाऱ्याला आपल्या गावाचा दिवस फारसा दिसतही नाही. सकाळी अंधारात निघायचं आणि रात्री परतायचं. गाव बदलतं आणि त्या बदलाला साक्षीदार राहत नाही.

आठवणीवर विसंबून चालत नाही. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 मध्ये एक साधी गोष्ट मांडली: प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जे बघते त्यालाच मूळ स्थिती समजते आणि तिथून पुढची घट तेवढी मोजते. आमच्या गच्चीवरच्या त्या मुलीच्या लेखी चिमणी नसलेली डोंबिवली हीच डोंबिवली आहे. माझ्या लेखी खाडीकाठी भातशेती नसलेली डोंबिवली हीच नेहमीची होती. माझ्या आधीच्या माणसाने ते शेत पाहिलेलं होतं. लिहून ठेवलेलं नसेल तर दर पिढीला थोडं थोडं हरवतं आणि एकूण किती हरवलं ते कुणालाच सांगता येत नाही.

आपल्याला नोंदीचं महत्त्व वेगळं समजावून सांगायला नको. जमिनीचं भांडण झालं की आपण सातबारा काढतो. गाव नमुना सातमध्ये मालक कोण ते असतं आणि गाव नमुना बारामध्ये त्या जमिनीत काय पिकलं ते. सातचा भाग सगळे डोळ्यात तेल घालून वाचतात. बाराचा भाग म्हणजे पीकपाहणी: या हंगामात, या जमिनीवर, काय उगवलं होतं. डोंबिवलीच्या आसपासची शेतं बिगरशेती झाली आणि त्या जमिनींवर भात लिहिणं थांबलं. पण जमीन तेवढ्याने निर्जीव झाली नाही. तिच्यावर टिटवी अंडी घालत होती, डबक्यात बेडूक होते, गवतात मुनिया होत्या. त्यांची पाहणी करणारा तलाठी कधीच नेमला गेला नव्हता. ती पीकपाहणी आता आपल्यालाच करायची आहे.

आता इथे पाहण्यासारखं काय उरलंय, असं म्हणणाऱ्याला मी कोळ्याची गोष्ट सांगतो. 2021 मध्ये उड्या मारणाऱ्या कोळ्यांची एक जात विज्ञानाला नवी म्हणून नोंदवली गेली. मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्यात अतिरेक्याला जिवंत पकडताना प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून तिचं नाव 'आयसियस तुकारामी' ठेवलं. ती जात सापडली आपल्या ठाणे-कल्याण परिसरातून. लोकल, उड्डाणपूल आणि टोलेजंग इमारतींच्या या गर्दीत जगाला ठाऊक नसलेला एक जीव राहत होता. आपण बघितलं नव्हतं, इतकंच.

मोजल्याने होतं काय, हा पुढचा प्रश्न. नुसत्या मोजण्याने एकही पक्षी वाचत नाही, हे मान्य करायला हवं. पण जिथे संरक्षण मिळतं, तिथे ते बहुतेक वेळा आकड्याच्या आधाराने मिळतं. ठाणे खाडीचंच पाहा. 2015 मध्ये तिथे सुमारे 1,690 हेक्टरांचं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये खाडीला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. या आंतरराष्ट्रीय कराराचा एक निकष असा, की जागेवर नियमितपणे वीस हजार पाणपक्षी असावेत. दुसरा असा, की एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या किमान एक टक्का पक्षी तिथे नियमित असावेत. वीस हजार, एक टक्का. इथे सौंदर्याची वर्णनं उपयोगी पडत नाहीत, कुणीतरी चिखलात उभं राहून मोजलेलं असावं लागतं. दर जानेवारीला होणारी आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून हेच करत आली आहे, आणि ती बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर चालते.

त्याच खाडीचं पाणी उत्तरेला उल्हास नदीला मिळतं. कोपर, ठाकुर्ली, कल्याणच्या दुर्गाडीपर्यंतच्या काठावर शेकाट्या, तुतारी, बगळे तेच आहेत, पण गुलाबी थवा नसल्यामुळे दुर्बिणी तिकडे वळत नाहीत. उद्या त्या काठावर भराव पडला आणि कुणी विचारलं, "इथे काय होतं?" तर उत्तर द्यायला कागद नसेल. कागद नसला की 'इथे काहीच नव्हतं' असं धरलं जातं.

म्हणूनच नोंद खरी असणं फार महत्त्वाचं. खोटी नोंद किती नुकसान करते, याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर कुणाला खात्रीने दिसलं नव्हतं. रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात मात्र एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर गुजरातेतलं मांडवी गाव आणि 1914 साल लिहिलेलं होतं. शोधणारे त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून फिरले. अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला, चोरून नव्याने शिवलेला पक्षी निघाला. चिठ्ठी बनावट होती. ती बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये, 113 वर्षांनी, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. 2014 मध्ये तो आपल्या ठाणे जिल्ह्यात, तानसा अभयारण्यातही दिसला. एका खोट्या चिठ्ठीने माणसांना वर्षानुवर्षं चुकीच्या रानात हिंडवलं, आणि धुळ्या-खानदेशातल्या खऱ्या चिठ्ठ्यांनी शंभर वर्षांनंतरही वाट दाखवली.

यावर शास्त्रज्ञ मंडळींतूनही एक रास्त आक्षेप येतो: हौशी लोक चुका करणारच, मग अशा माहितीवर भरवसा कसा ठेवायचा? चुका होतात, माझ्याही झाल्या आहेत. एकदा सातपुलाकडे कोवळ्या उन्हाच्या उलट्या प्रकाशात दूरवर चिखलात चरणारे सहा पक्षी मी काळे शराटी म्हणून भरले. दोन दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा निरोप आला: फोटो आहे का, पाय कोणत्या रंगाचे होते, पंखावर पांढरा डाग दिसला का? मी फोटो मोठा करून पाहिला. डाग नव्हता, बांधा नाजूक होता. ते मोर शराटी होते. मी नोंद दुरुस्त केली. त्या निरोपात कुठेही हिणवणं नव्हतं, फक्त पुरावा मागितला होता. आय-नॅचरलिस्टवर तर फोटो, तारीख आणि जागा दिल्यावर अनोळखी माणसं ओळख पटवतात, आणि मतं जुळल्याशिवाय नोंद संशोधनयोग्य ठरत नाही. आपल्या सार्वजनिक जीवनात 'तुम्ही हे कशावरून म्हणता?' असं विचारलं की भांडण होतं. इथे त्याच प्रश्नातून माणूस शिकतो. चूक कबूल करून दुरुस्त करण्याची ही सवय मला यादीइतकीच मोलाची वाटते.

दुसरा धोका अधिक खरा आहे. नोंदीचं रूपांतर शिकारीत होतं. कॅमेऱ्याची नळी घेऊन घुबडाच्या घरट्याखाली गर्दी करणं, पक्ष्याला बाहेर काढायला फोनवर त्याचाच आवाज वाजवणं, वर्षाच्या यादीत एक जात वाढवण्यासाठी येऊरच्या जंगलात पायवाट सोडून घुसणं, हे सगळं निसर्गप्रेमाच्या नावाखाली चालतं. ज्या जिवाची नोंद करायची त्यालाच नोंदीचा त्रास होत असेल, तर ती नोंद न केलेली बरी. घरट्याची जागा जाहीर करू नये, हा नियम नव्या माणसाला पक्ष्यांच्या नावांआधी शिकवावा.

आणि तिसरी उणीव आपल्या सगळ्यांची आहे. या याद्या भरतं कोण? ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, रविवार मोकळा आहे आणि इंग्रजी वाचता येतं, ते. खाडीत जाळं टाकणारा कोळी, काठावरचा आगरी शेतकरी, येऊरच्या पाड्यावरचा वारली, मुरबाडकडचा कातकरी यांना त्या जागेचं जेवढं ठाऊक आहे, तेवढं आमच्या दहा सकाळींत जमत नाही. कोणत्या भरतीला कोणते पक्षी येतात, कोणते मासे कधीपासून जाळ्यात येईनासे झाले, हे त्यांच्या बोलण्यात आहे, याद्यांत नाही. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांचं ऐकून शब्द गोळा केले आणि पक्षिकोश उभा केला. ती वाट आपल्यासमोर आहे. ई-बर्डवर पक्ष्यांची नावं मराठीत दिसण्याची सोय आहे. ती प्रत्येक मराठी शाळेने वापरावी. चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात भाषणांच्या जोडीला प्रत्येक शाळेने आपल्या पटांगणाची एक यादी केली, आणि मुलांनी एकदा तरी कोळीवाड्यात जाऊन आजोबांना विचारून लिहिली, तर दहा वर्षांत या पट्ट्याचा असा दप्तरखाना तयार होईल, जो आज कुणाकडेच नाही.

दप्तर ठेवण्याची जागाही कायद्याने करून ठेवली आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. एकदा सल्लागाराकडून लिहून घेतली आणि कपाटात ठेवली, असं या नोंदवहीचं होऊ नये. ती दरवर्षी नागरिकांच्या नोंदींनी भरली जायला हवी आणि बांधकामाची, भरावाची परवानगी देताना उघडली जायला हवी. सामान्य माणसाने फोनवरून केलेली नोंद सरकारी दप्तरात कशी घ्यायची, असा प्रश्न कुणी काढेल. त्याचं उत्तर राज्याने स्वतःच दिलं आहे. ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आहे. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून, पिकाचा फोटो काढून, मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. जागा, तारीख, छायाचित्र आणि तपासणीची सोय, एवढ्यावर ती सातबाऱ्यावर चढते. पक्ष्याची नोंदही याच चार पायांवर उभी असते. शेतकऱ्याच्या फोनवर विश्वास ठेवणाऱ्या व्यवस्थेने शहरातल्या नागरिकाच्या फोनवर तो ठेवू नये, याला कारण नाही.

आमच्या इमारतीमागे एक मोकळा भूखंड होता. दोन वर्षं मी दर रविवारी जिन्याच्या खिडकीतून वीस मिनिटं त्याची यादी केली. गायबगळे, वेडे राघू, पावसात भरलेल्या डबक्यावर वंचक, आणि एक टिटवीची जोडी. मार्चमध्ये तिने खडीच्या ढिगाशेजारी उघड्यावर चार अंडी घातली. कुत्रं आलं की पंख लटकवून, जखमी झाल्याचं सोंग करून ती त्याला दूर न्यायची. मग एका सोमवारी पत्रे लागले, दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. त्या रविवारच्या यादीत मी टिटवी दोन लिहिल्या. त्या पत्र्यांवरून ओरडत फिरत होत्या. पुढच्या रविवारी एकही नव्हती. माझ्या याद्यांनी ते बांधकाम थांबलं नाही, थांबेल असं मला वाटलंही नव्हतं.

तरी मी रविवारची यादी सोडलेली नाही. आता तिथे तळमजल्याच्या वर दहा मजले आहेत. यादीत कावळे, पारवे, एखादी घार. दुसऱ्या मजल्यावरची ती मुलगी आता अधूनमधून माझ्या शेजारी येऊन उभी राहते. मागच्या महिन्यात तिने फोनवर जुन्या याद्या चाळल्या आणि विचारलं, "इथे टिटवी होती?"

तिने ती कधी पाहिलेली नाही. पण तारीख होती, वेळ होती, आकडा होता. मी म्हटलं, "होती. दोन." तिने खिडकीतून खाली पाहिलं, आणि त्या दिवशीचे कावळे मोजायला सुरुवात केली.